डिऑन वॉरविकचं १९८५ चं गाणं, ऐकाच एकदा

'दॅट्स व्हॉट फ्रेंड्स आर फॉर' काल रात्री लावलं आणि सलग चार वेळा ऐकलं. स्टीव्ही वंडरचा माउथऑर्गन सुरू झाला की काटा येतो अंगावर, मग डिऑन गाते ती जराही जोर न लावता, शेजारी बसून बोलल्यासारखं. गाण्याचा संगीतकार बर्ट बॅकरॅकशी तिचं कित्येक वर्षं बिनसलेलं, ते मिटलं आणि त्यातनं हे आलं, सोबत एल्टन जॉन आणि ग्लॅडिस नाइट पण. ग्लॅडिसचा भाग मला सगळ्यात भारी वाटतो, काय धार आहे आवाजात! कीबोर्ड मात्र फारच ८० च्या दशकातला, तेवढं चालवून घ्या. पैसे गेले एड्सच्या संशोधनाला, तेही लोक त्या आजाराचं नाव घ्यायला घाबरायचे तेव्हा. १९८६ ला अमेरिकेत ४ आठवडे नंबर १ होतं.