आठ आठवड्यांची इंटर्नशिप आणि डिसेंबरात आलेलं सर्टिफिकेट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीत मे-जूनमध्ये समर इंटर्नशिप केली. सर्टिफिकेट काल हातात पडलं, म्हणून आज लिहितेय.

आधी पैशाचं. महिन्याला सहा हजार स्टायपेंड ठरलं होतं, ते दोन्ही महिन्यांचं मिळून ऑगस्टात जमा झालं. तोवर खानापूर-बेळगाव बस, पुढची सिटी बस, डबा नसेल त्या दिवशीचं जेवण, सगळा खर्च बाबांच्या खिशातून. लेटरवर ‘ॲप्रेंटिस’ असतं तर १९६१ च्या कायद्याप्रमाणे किमान स्टायपेंड बंधनकारक झालं असतं. ‘इंटर्न’ म्हटलं की कंपनी देईल ते आणि देईल तेव्हा. २०२४ ची पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५,००० देत होती, पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती नव्हती.

पहिले तीन आठवडे फक्त एक्सेलमध्ये रिजेक्शनचे, म्हणजे नाकारलेल्या मालाचे, आकडे भरले. तेव्हा कुणी विचारलं असतं तर ‘अजिबात जाऊ नका’ म्हटलं असतं.

मग क्वालिटीतल्या मामांनी मला मशीनवर नेलं. सीएनसीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरून, उतरलेला शाफ्ट (गोल दांडा) मी मायक्रोमीटरने मोजला आणि शीटवर ‘ओके’ लिहिलं. मामांनी माझा हात धरून शाफ्टवर ठेवला. ‘गरम हाय बघ अजून. निवू दे, मग लाव. आणि आवळू नको, रॅचेट तीनदा वाजला की बास.’ (रॅचेट म्हणजे मायक्रोमीटरच्या टोकाचा कट-कट वाजणारा भाग, त्यामुळे दाब जास्त पडत नाही.) अर्ध्या तासाने तोच शाफ्ट लिमिटच्या खाली! १०० मिलिमीटर व्यासाचं पोलाद १० अंश तापलं की साधारण ११ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगतं. हे पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला तेव्हा कळलं. ऑक्टोबरात मुलाखतीला मी हेच सांगितलं आणि पुढचे सगळे प्रश्न त्यावरच आले.

त्यामुळे माझं मत बदललं, पण सर्टिफिकेटचं मी विसरणार नाही. प्लांटवाले म्हणायचे बेंगळुरूच्या एचआरला विचारा, एचआर म्हणायचं प्लांटकडून हजेरी आलेली नाही. अकरा मेल केले. सप्टेंबरात आलं तर आडनाव चुकलेलं आणि तारखाच नाहीत. कॉलेज ते घेईना, इंटर्नशिपचे मार्क अडकले. शेवटी मामांनीच मस्टरच्या (हजेरीपुस्तकाच्या) पानाचा फोटो काढून वर पाठवला, तेव्हा गाडी हलली.

धाकटा भाऊ याच कंपनीत अर्ज करतोय. मी त्याला अडवलेलं नाही. फक्त सर्टिफिकेट कधी देणार ती तारीख लेटरवर लिहून घे आणि रोजच्या हजेरीचा फोटो ठेव, एवढं बजावलंय.