संत्र्याची साल म्हणून तूस घेतलं

ऑगस्टमध्ये आपल्याकडे संत्रं नसतं, हे नागपूरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आंबिया बहार दिवाळीच्या आसपास येतो, मृग फेब्रुवारी-मार्चात. तरी मी भर पावसाळ्यात 'ताजी वाळवलेली संत्रासाल' विकत घेतली. २० पोती, पोत्यात ४० किलो, किलोमागे ३२ रुपये. झाले २५,६००, तेही आगाऊ, एका माणसाच्या खासगी खात्यात.

काटोल रोडच्या बाजूला माझ्या सात गाई आहेत. पावसाळा लागल्यापासून शेण पातळ पडत होतं. तेवढ्यात हा साल विकणारा पांढरा पिकअप घेऊन आला. "भाऊ, ढेप-चुनी जास्त झाली का पोटात आंबट होते. संत्र्याच्या सालीत पेक्टिन रायते, त्यानं धान्यासारखा आंबटपणा नाही होत." चीड याची येते की हे खरं होतं. नंतर डॉक्टरांनाही विचारलं, तेही हेच म्हणाले. पाच किलो नमुना फुकट देऊन गेला. तो अस्सल होता. कडवट वास, हातात चुरल्यावर जरा तेलकट. गाईंनी चार दिवसांत चाटूनपुसून संपवला.

मग पोती आली. वास नमुन्यापेक्षा तिखट होता, अगदी संत्रागोळीसारखा. गौरी गाईनं हुंगलं आन् तोंड फिरवलं. बायको म्हणाली, "अवो, जनावर खात नाही त काही तरी कारण असंल." मी काय केलं? गुळाचं पाणी शिंपडून चारलं! मलाच माझी अक्कल कळेना.

आठवडाभरात दूध ५२ लिटरवरून ४१ वर आलं. डॉक्टरांनी ओंजळभर शेण चाळणीत घेतलं आणि नळाखाली धरलं. हिरवं पाणी वाहून गेलं, जाळीवर पिवळी कुसळं उरली, जशीच्या तशी. धानाचं तूस. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलबाहेर याचे डोंगर लागलेले असतात. रंग लावून, अर्क मारून मला विकलेलं. तुसात सिलिका भरपूर, गाईला त्यातून मिळतं जवळजवळ शून्य.

पोत्यासोबत एक 'रिपोर्ट' होता, त्यात प्रथिनं १८ टक्के. वाळलेल्या सालीत ती जेमतेम ६-७ टक्के निघतात. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनं काढते, म्हणून युरिया टाकला की आकडा फुगतो. डॉक्टरांनी घरीच तपासायला सांगितलं. मूठभर माल, चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ, कोमट पाणी, वर झाकण. शेजारी दुसऱ्या गिलासात नुसतं सोयाबीन. मालात युरिया असला की कच्च्या सोयाबीननं त्याचा अमोनिया होतो. पंधरा मिनिटांनी पहिल्यातून अमोनियाचा असा भपकारा आला की डोळ्यात पाणी. जास्त युरियानं जनावर तासाभरात आडवं होऊ शकतं. माझी वाचली, कारण त्यांनी अर्धं टाकून दिलं होतं.

आता हिशेब करतो तेव्हा लाज वाटते. ओल्या सालीत तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं. म्हणजे क्विंटलभर वाळली साल काढायला चार क्विंटलच्या वर ओली लागणार. पावसाळ्यात ती वाळवणार कुठे? न वाळता साठवली तर बुरशी येते, आणि बुरशीचं विष गाईतून दुधात उतरतं. हा प्रश्न मी त्याला विचारलाच नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. फोन बंद, बिल नाही, पैसे अजून आलेले नाहीत. पोती कोठ्याच्या मागे पडून आहेत, पुरावा म्हणून.

परवा कळमेश्वरकडून एका भावाचा फोन आला. त्याच्याकडे पाच किलो नमुना आला आहे, फुकट. गाडी पांढरीच आहे. त्याला सांगितलं, नमुना खाऊ दे, पण माल आला की शिवलेलं पोतं तुझ्या हातानं फोड, तळातली मूठ काढ आणि त्याच्यासमोर पाण्यात टाक. त्याआधी एक रुपया देऊ नको.