चितार आळीतला शिसवी वाडगा : वर्षभर वापरून

अडतीस वर्षं मी लेथवर, म्हणजे वस्तू फिरवत ठेवून ती कातायच्या यंत्रावर, उभा होतो. लोखंड, पितळ, गनमेटल. लाकूड कधी चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरलं नाही. पण फिरणाऱ्या वस्तूवर टूल टेकवलं की हाताला काय कळतं ते मला माहीत आहे, म्हणून कातीव लाकडी भांडं समोर आलं की मी ते ठेवून पुढे जाऊ शकत नाही.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात पुतणीच्या लग्नाला सावंतवाडीला गेलो होतो. तुतारी एक्स्प्रेसने उतरलो, दुपार मोकळी होती, मोती तलावाला एक फेरी मारून चितार आळीत शिरलो. दुकानांच्या पुढ्यात नेहमीची रंगीत लाकडी फळं. आंबा, काजू, केळं, पपनस. ही फळं बहुतेक पांगाऱ्याची, हलक्या मऊ लाकडाची, त्यावर रंग. राजवाड्यातलं गंजिफांचं (हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं) काम आणि लाखकाम इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवींनी पुन्हा उभं केलं, त्यामुळे या गावाचं नाव रंगकामासाठीच घेतलं जातं. मला मात्र रंगाखाली काय आहे ते बघायचं होतं. एका लहान दुकानात मागच्या फळीवर, रंग न लावलेला, काळपट जांभळा शिसवी वाडगा दिसला. काठाला कोरलेली पाकळ्यांची पट्टी. किंमत 3,250 रुपये.

मी तो उलटा केला. लाकडी भांडं घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हेच करावं, कारण कारागिराने घाई कुठे केली ते बुडाशी दिसतं. त्याच आळीत आधी पाहिलेल्या दोन वाडग्यांच्या बुडाला लेथवर धरताना पडलेली स्क्रूची भोकं पुट्टीने बुजवलेली होती. इथे बूड स्वच्छ कातलेलं होतं, किंचित आत खोलगट, म्हणजे टेबलावर कडेच्या गोलावरच टेकतं आणि डुगडुगत नाही. मध्ये दोन बारीक खाचा. त्या खाचांची कोणाला गरज नव्हती. बुडाकडे कोण बघतो? तरी त्या काढल्या होत्या.

दुसरी गोष्ट वाढीच्या रेषांची. बुडाच्या मध्यावर जर गोल गोल कडी पूर्ण दिसली, तर समजावं की झाडाचा गाभा भांड्यातच राहिलाय, आणि ते फुटणार. लाकूड सुकताना कड्यांच्या दिशेने जितकं आकसतं, तितकं गाभ्याकडून सालीकडे आकसत नाही, साधारण निम्मंच. मग पूर्ण कडं कुठेतरी तुटल्याशिवाय राहत नाही. हे मी पैसे घालवून शिकलो. मुंबईतल्या एका प्रदर्शनात घेतलेला सागवानी वाडगा तीन महिन्यांत बुडापासून काठापर्यंत उलला. या शिसवी वाडग्याच्या बुडाला मात्र रेषा नुसत्या कमानीसारख्या होत्या. ओंडका मधोमध चिरून, गाभा काढून टाकून, अर्ध्या भागातून काढलेला.

दुकानदार पन्नाशीचे, मागच्या पडवीत लेथ. मी टर्नर म्हटल्यावर त्यांनी आत नेलं. मोटर आणि पट्टा, जुना लोखंडी सांगाडा, टूल धरून सरकवणारी क्रॉस स्लाइड वगैरे काही नाही. टूल हातात. आडव्या टेकूवर ठेवून आधी टूलची पाठ लाकडाला लावायची, मग मूठ हळूच उचलत धार भिडवायची. मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजणाऱ्या माझ्यासारख्याला ते बघताना घशात काहीतरी आलं. कोपऱ्यात गोणपाटाखाली जाड, ओबडधोबड कातलेले दहा-बारा वाडगे रचून ठेवले होते, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. आधी ओलं असतानाच जाडजूड कातायचं, सुकू द्यायचं, वेडंवाकडं झालं की पुन्हा लेथवर चढवून शेवटचा हात द्यायचा. "सा म्हयने सुकत ठेवलंय, काका. घाई केलंय तर फुटतला," ते म्हणाले.

कोरीव काम त्यांच्या पत्नी करतात. त्यांचा हात मला त्यांच्या यजमानांपेक्षाही तयार वाटला. काठाची पट्टी कातताना मुद्दाम जाड ठेवलेली आहे, दहा मिलिमीटर, आणि बाकी भिंत सात. त्यामुळे दोन मिलिमीटर खोल कोरूनही काठ अशक्त होत नाही. पाकळ्या बत्तीस. वर्तुळ निम्मं, पुन्हा निम्मं, असं पाच वेळा केलं की बत्तीस होतात, कंपास पुरतो. घरी येऊन मोजलं : प्रत्येक पाकळी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, फरक अर्ध्याच्या आत. पण मापापेक्षा अवघड गोष्ट वेगळी आहे. असा वाडगा फिरवला की काठावर दोन जागी लाकडाचे तंतू सरळ समोर येतात आणि दोन जागी आडवे. तीच पटाशी त्याच दिशेने चालवली तर आडव्या जागी लाकूड उचकटतं. म्हणजे दर सात-आठ पाकळ्यांनी हाताची दिशा बदलायची, आणि बघणाऱ्याला ते कळता कामा नये. मी भिंग लावून शोधलं. एका पाकळीच्या टोकाशी कपचा उडालेला सापडला, भाताच्या कणीएवढा. बाकी एकतीस निर्दोष.

आतून बोट फिरवून बघा. काठापासून मध्यापर्यंत बोट कुठेही अडखळत नाही. साधारण कामात बुडाशी मध्ये एक बोंड राहतं किंवा खड्डा पडतो, कारण मध्याशी लाकडाचा वेग जवळजवळ शून्य होतो आणि टूल कापायच्या ऐवजी घासतं.

आता वर्षभराचा हिशेब. घेतला तेव्हा व्यास दोन्ही दिशांनी 240 मिलिमीटर. ऑगस्टमध्ये, डोंबिवलीच्या भर पावसात, तंतूंच्या आडवा 241.2, तंतूंच्या दिशेने 240.1. डिसेंबरात पुन्हा 240.4. एवढं हलणं हा लाकडाचा श्वासच आहे, तडा एकही नाही. वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास, हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं.

तक्रारी आहेत. आतल्या बाजूला, पायाच्या वरच्या वळणावर, पॉलिशपेपरचे गोल ओरखडे राहिलेत, तिरप्या उजेडात दिसतात. एवढं काम केल्यावर शेवटचा बारीक कागद आणखी दहा मिनिटं फिरवायला हवा होता. वर लाखेचं पॉलिश आहे, हे सांगणारी चिठ्ठी सोबत नव्हती. सौभाग्यवतींनी त्यात धुतलेली द्राक्षं ठेवली आणि पांढरा डाग पडला. मी मऊ फडक्याने घासून तो बराच घालवला, पण पूर्ण नाही. लाखेला पाणी आणि गरम वस्तू चालत नाही. कोरडी फळं, फुलं, सुकामेवा ठेवा. बांधणीही वर्तमानपत्राच्या दोन पानांची. रेल्वेत मी तो मांडीवर घेऊन बसलो.

एका बाजूला सालीलगतचा फिकट पट्टा सोडलाय. लग्नातल्या पाहुण्यांपैकी एकाने तो दोष ठरवला. मला तो फार आवडतो, झाड कुठे संपत होतं ते तिथे दिसतं.

किंमत जास्त आहे का? लेथवरचे दोन हात, मधले सहा महिने, आणि त्या बाईंचे दोन पूर्ण दिवस पटाशीवर. मी घासाघीस केली नाही.

मुलीसाठी तसाच एक फणसाच्या लाकडाचा सांगितलाय. फणस ताजा कातला की हळदीसारखा पिवळा असतो, उजेडाने हळूहळू तपकिरी होतो, तो बदल तिच्या घरी व्हावा असं वाटलं. आगाऊ पैसे पाठवतो म्हटलं तर त्यांनी घेतले नाहीत. ओबडधोबड कातून ठेवलाय, अजून ओला आहे, मे महिन्यात फोन करा म्हणाले.