तापणाऱ्या-थंडावणाऱ्या सांध्यासाठी इपॉक्सी की सिलिकॉन?

वारंवार तापणाऱ्या आणि थंड होणाऱ्या सांध्यासाठी चिकटद्रव्य निवडताना बहुतेकांची नजर आधी वेष्टनावरच्या ताकदीच्या आकड्याकडे जाते. तो आकडा सहसा खोलीच्या तापमानाला, नमुना एकदाच ओढून काढलेला असतो. सांधा मात्र झिजतो तो जोडलेले दोन पदार्थ दर वेळी कमी-अधिक प्रसरण पावतात म्हणून.

एक हिशेब मांडून पाहावा. एक मीटर ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला सुमारे २३ मायक्रोमीटर वाढते, तर काच सुमारे ९. त्यामुळे काचेवर ॲल्युमिनियमची ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी चिकटवली आणि तापमान ६० अंशांनी बदलले, तर दोहोंच्या लांबीत पाव मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक टोकाला साधारण ०.१३ मिलिमीटरचा फरक पडू पाहतो. चिकटद्रव्याचा थर ०.२ मिलिमीटर जाडीचा असेल, तर टोकापाशी त्याला स्वतःच्या जाडीच्या साठ टक्क्यांहून अधिक सरकावे लागेल. कडक इपॉक्सीला हे झेपत नाही. तिथे प्रचंड ताण साठतो, कडेला तडा जातो आणि तो प्रत्येक फेरीत थोडा आत सरकतो. रबरासारख्या लवचिक सिलिकॉनचा २ मिलिमीटरचा थर दिल्यास हेच सरकणे सहा-सात टक्क्यांवर येते आणि ते त्याला सहज पेलते.

म्हणून सगळीकडे सिलिकॉनच वापरावे, असे नाही. पोलादाला पोलाद जोडायचे असेल, सांधा लहान असेल आणि त्यावर भार येणार असेल, तर इपॉक्सीच घ्यावे. कारण दोन्ही बाजू सारख्याच वाढतात आणि सिलिकॉनची ताकद तिथे अपुरी पडते. मात्र खोलीच्या तापमानाला पक्के होणारे साधे इपॉक्सी बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. उष्णता देऊन पक्के केलेले त्याहून बरेच पुढे टिकते, पण भिन्न पदार्थ जोडलेले असल्यास भट्टीतून निघून थंड होतानाच त्यात ताण भरतो, हे विसरू नये.

सिलिकॉनलाही पथ्ये आहेत. ते हवेतील ओलाव्याने कडेकडून आत पक्के होत जाते, त्यामुळे रुंद सांध्याचा मधला भाग दीर्घकाळ कच्चा राहतो. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार तांब्याला गंज चढवतो. झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट ठिसूळ असल्याने या कामात धरूच नये.

अंतिम निवडीआधी नमुन्याचे सांधे प्रत्यक्षातल्या तापमानांत फिरवून मुद्दाम तोडावेत. दोन्ही पृष्ठभागांवर चिकटद्रव्य उरले असेल, तर ते स्वतःच फाटले आहे, पृष्ठभागावरची पकड सुटलेली नाही; एक बाजू स्वच्छ सुटली असेल, तर द्रव्य बदलण्याआधी ती बाजू घासण्या-पुसण्याची पद्धत तपासावी.