बॅटरीचा मेन स्विच सुकाणूजवळ आणला: एका हंगामाचा अनुभव

बॅटरी पुन्हा उतरली तेव्हाच ठरवलं, हा स्विच इथून हलवायचाच. आमच्या फायबर होडीत तो इंजिनच्या पेटीत, बॅटरीच्या मागे होता. जाळी सरकवा, फळी उचला, मग आत हात घाला. दमून आलेला खलाशी हे करत नाही. आता स्विच सुकाणूच्या डाव्या हाताला आहे. 1 जूनची पावसाळी मासेमारी बंदी लागेपर्यंत तिथेच ठेवून वापरला. किनाऱ्याला लागलो की उतरता उतरता कोणीही बंद करतो. बॅटरी त्यानंतर एकदाही उतरली नाही.

वायरमनशी वाद झाला तो केबलवरून. त्याचं म्हणणं, जुन्याच 35 स्क्वेअरच्या (तांब्याचा छेद 35 चौरस मिलिमीटर) केबलला जोड देऊ, वर टेप मारू. अजून राग येतो! स्विच दोन मीटर लांब गेला म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबं वाढलं. डिझेल इंजिनचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, 300 अँपिअर ओढतो असं धरा. 35 स्क्वेअरमध्ये तेवढ्या लांबीतच 0.6 व्होल्ट जातात. 12 व्होल्टमधून हे फार झालं. बॅटरी थोडी कमी असली की सेल्फ रखडणारच. 70 स्क्वेअरमध्ये तोटा निम्मा होतो. मी पैसा जपून खर्च करतो, आणि ही केबल स्विचपेक्षा महाग पडली, तरी इथे काटकसर नको. कलई केलेलीच घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत वेष्टनाखाली हिरवं पडत जातं, वरून कळत नाही. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, हायड्रॉलिक प्रेसनेच दाबून घ्या.

आधी बसवलेल्या लाल चावीच्या स्विचबद्दलचं मत मात्र हंगामाच्या मध्यावर बदललं. चावी काढून घरी नेता येते, म्हणून आधी मी तो सगळ्यांना सुचवत होतो. पण चावी बाहेर आलेली असते. एकदा जाळ्याची दोरी तिच्यात अडकली आणि इंजिन चालू असताना स्विच बंद झाला. डिझेल इंजिन चालतच राहतं, पण बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा बॅटरीशी संबंध तुटतो, व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड जातात. आमचे गेले. दुरुस्ती झाली, त्या दिवसाचा धंदाही बुडाला. आता भोवती उंच कडा असलेला, मूठ आत दबलेला स्विच आहे. दुकानात गेलात तर आधी ही कडा बघा. अँपिअरचा आकडा सगळेच दाखवतात, कडेबद्दल कोणी बोलत नाही.

पेटीतून धूर आला तर झाकण न उघडता वीज तोडता येते, हा फायदा मला सोयीपेक्षा मोठा वाटतो. मात्र बॅटरीपासून स्विचपर्यंतची केबल स्विच बंद असतानाही जिवंत असते, आणि जागा बदलल्यावर तीच लांबते. ती पाइपमधून न्या, एक्झॉस्टपासून दूर ठेवा, जागोजागी क्लॅम्प मारा. तळातलं पाणी उपसणारा ऑटोमॅटिक पंप या स्विचवर घेऊ नका. त्याची वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीलगत वेगळा फ्यूज टाकून घ्या; नाहीतर रात्री स्विच बंद केला की पंपही बंद.