पीसीचा पार्ट घेताना भरवसा कोणाच्या रिव्ह्यूवर?

पुण्यात पीसी जुळवायला बसलं की सल्ला चार ठिकाणांहून मिळतो: स्वतः मोजमाप करणाऱ्या साइट्स, यूट्यूबचे व्हिडिओ, खरेदीच्या साइटवरचे तारे आणि तापकीर गल्लीतला दुकानदार. चौघांपैकी एकालाच मानायचं असं ठरवलंत तर फसाल. कोणता पार्ट घेताय, त्यावर कोणाचं ऐकायचं ते ठरतं.

पॉवर सप्लायपासून सुरुवात करू, कारण तिथे फरक सगळ्यात मोठा आहे. बहुतेक व्हिडिओंत खोका उघडतात, केबल दाखवतात, पीसी सुरू होतो आणि शिफारस होते. यात पॉवर सप्लायची परीक्षा झालेलीच नसते. खऱ्या चाचणीला लोड टेस्टर (सप्लायवर हवा तेवढा भार टाकणारं यंत्र) आणि ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे चढउतार दाखवणारं यंत्र) लागतो. 12 व्होल्टच्या लाइनवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजचा थरकाप, 120 मिलिव्होल्टच्या आत राहतो का आणि लोड मर्यादेबाहेर गेल्यावर सप्लाय वेळेवर बंद होतो का, हे त्यांच्याशिवाय कळत नाही. ‘80 प्लस गोल्ड’ हा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, आणि तेही 23 अंशांच्या आसपास मोजलेलं. गिगाबाइटचा पी750जीएम हा पॉवर सप्लायही गोल्डच होता. 2021 मध्ये गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनलने त्याची युनिट आणून चाचण्या केल्या, तेव्हा त्यातले बरेच फुटले आणि कंपनीला बदलून द्यायची सोय करावी लागली. आपल्याकडे होल्ड-अप टाइमचा, म्हणजे वीज तुटल्यावर सप्लाय किती वेळ तग धरतो त्याचा, आकडाही बघाच. गुरुवारी लाइट गेली की घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असला तरी बदलायला 10 मिलिसेकंदांच्या आसपास घेतो. सप्लाय तेवढा वेळ तग धरणारा नसेल तर पीसी रीस्टार्ट होणारच. म्हणून पॉवर सप्लायच्या बाबतीत सायबेनेटिक्स या चाचणी प्रयोगशाळेचा अहवाल किंवा टेकपॉवरअप साइटसारखी लेखी चाचणी, बाकी काही नाही.

एसएसडीचं, म्हणजे फाइल्स साठवणाऱ्या ड्राइव्हचं, गणित वेगळं. वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क हे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगला 1 जीबीची फाइल वापरतो. ती ड्राइव्हच्या वेगवान एसएलसी कॅशमध्ये (लिहिताना आधी भरला जाणारा छोटा, वेगवान भाग) आरामात मावते, त्यामुळे स्क्रीनशॉट नेहमी देखणा येतो. कॅश भरल्यावर काय होतं हे बघायचं असेल तर अख्खी ड्राइव्ह सलग लिहून काढलेला आलेख शोधा. स्वस्त क्यूएलसी ड्राइव्ह (एका सेलमध्ये चार बिट कोंबणाऱ्या, मंद चिपची) तिथे हार्ड डिस्कच्याही खाली जाते. असा आलेख नसेल तर तो रिव्ह्यू सोडून द्या.

पण एसएसडीत चांगल्या प्रयोगशाळेचा रिव्ह्यूही शिळा होतो. क्रूशियल पी2 ही एसएसडी टीएलसी चिपवर (सेलमध्ये तीन बिट, म्हणून क्यूएलसीपेक्षा वेगवान) बाजारात आली, रिव्ह्यू त्यावर झाले, आणि 2021 पर्यंत त्याच नावाखाली क्यूएलसी विकली जात होती. इथे ताऱ्यांचा खरा उपयोग होतो, कारण गेल्या महिन्यात घेणाऱ्याच्या हातात आज विकला जाणारा माल असतो. सरासरी मात्र बघू नका. एकाच पानावर 500 जीबी आणि 2 टीबीची मतं एकत्र मिसळलेली असतात. ‘नवीन आधी’ लावा, आपलीच क्षमता निवडा आणि एक ते तीन ताऱ्यांचंच वाचा. ‘पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत’ याला किंमत शून्य. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000:2022 हे भारतीय मानक आहे, पण ते ऐच्छिक असल्याने त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

ग्राफिक्स कार्डाला व्हिडिओ चालतात, मात्र आकडे दाखवणारेच. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) सोबत ‘1 टक्का लो’, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमांचा वेग, आहे का, मेमरीच्या 8 जीबी आणि 16 जीबी आवृत्त्या वेगळ्या तपासल्यात का, हे बघा. कार्ड कंपनीने पाठवलं म्हणजे रिव्ह्यू विकला गेला असं नाही. पण दबाव असतो: डिसेंबर 2020 मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या यूट्यूब चॅनलला सॅम्पल देणं थांबवलं आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. तापमान वाचताना खोलीचं तापमान शोधा. चाचणी 21 अंशांत झाली असेल आणि मे महिन्यात तुमची खोली 34 वर असेल, तर साधारण 13 अंश मिळवा, नाहीतर तेवढा पंख्याचा आवाज सोसा.

दुकानदाराला वेगाचं विचारू नका, तो शेल्फवरचाच माल सुचवेल. त्याला हे विचारा: कोणत्या ब्रँडचे पार्ट परत येतात, वॉरंटी भारतातल्या वितरकाची आहे का, सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे की पार्ट कुरियरने पाठवावा लागतो, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून मिळेल का. ही माहिती इतर कुठल्याच रिव्ह्यूत सापडत नाही.

एसएसडी घरी आली की तिच्यावर विंडोज टाकण्याआधी ती चालू विंडोज पीसीला जोडा आणि एच2टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) नंबर रिव्ह्यूतल्या नंबरशी ताडून बघा. नंबर वेगळा आणि लिहिण्याचा वेगही बराच कमी निघाला, तर आतला माल बदललेला असण्याची दाट शक्यता आहे. परतीची मुदत संपायच्या आत ती पाठवून द्या.