ब्रॉडहर्स्ट पार्क, मँचेस्टर: प्रेक्षकांच्या मालकीच्या क्लबचा सामना

मँचेस्टरला येणारा बहुतेक मराठी फुटबॉलप्रेमी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाची सफर करतो, तिथल्या दुकानातून लाल जर्सी घेतो आणि परत जातो. याच शहराच्या ईशान्येला मॉस्टन नावाच्या वस्तीत आणखी एक लाल जर्सी मिळते, आणि तिच्यासाठी मोजलेल्या पैशांतला एक पेनीही मँचेस्टर युनायटेडचे मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाच्या खिशात जात नाही. एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा क्लब आणि ब्रॉडहर्स्ट पार्क हे त्याचे मैदान, तिथला सामना आणि तिथले सभासदत्व यांचे हे परीक्षण आहे. मँचेस्टर युनायटेडवरचे माझे प्रेम शाळकरी वयापासूनचे असून आता या शहरात राहून मी मॉस्टनला नेमाने जातो. त्यामुळे हे लेखन तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

हा क्लब का निघाला, हे कळल्याशिवाय तिथल्या तिकिटाची किंमत कळणार नाही. माल्कम ग्लेझर या अमेरिकी उद्योजकाने मे २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड विकत घेतला. खरेदीसाठी त्यांनी मोठे कर्ज काढले आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच टाकला. तोवर जवळपास कर्जमुक्त असलेल्या क्लबला स्वतःच्याच विक्रीचे व्याज फेडावे लागले. व्याज, कर्जाशी निगडित खर्च आणि लाभांश यांपायी गेल्या दोन दशकांत क्लबबाहेर गेलेली रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर आहे. ही चाल प्रेक्षकांनी आधीच ओळखली होती. याआधी १९९८ मध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने क्लब घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा संघटित प्रेक्षकांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली होती आणि १९९९ मध्ये सरकारने तो व्यवहार रोखला होता. २००५ मध्ये मात्र सरकार मध्ये पडले नाही. ज्यांच्याकडे थोडेथोडे समभाग होते, त्या प्रेक्षकांना ते सोडावे लागले. त्याच उन्हाळ्यात त्यांच्यातल्या काहींनी ठरवले, की या मालकाला आपल्या खिशातून पैसा द्यायचा नाही आणि फुटबॉलही सोडायचा नाही. एफसी युनायटेडचा जन्म असा झाला. नव्या क्लबचे नाव मतदानाने ठरले आणि पर्यायांमध्ये ‘एएफसी न्यूटन हीथ’ हेही नाव होते.

न्यूटन हीथचा उल्लेख इथे महत्त्वाचा आहे. लँकाशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ इथल्या कारखान्यातल्या कामगारांनी १८७८ मध्ये जो संघ काढला, तोच १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. त्या जुन्या संघाचे रंग हिरवा आणि सोनेरी. २०१० च्या जानेवारीत ग्लेझर कुटुंबाने ५० कोटी पौंडांचे रोखे विक्रीला काढले आणि क्लबच्या कर्जाचा आकडा सर्वांसमोर आला, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डच्या स्टँडमध्ये हजारो गळ्यांभोवती हिरव्या-सोनेरी पट्ट्यांचे मफलर दिसू लागले. त्या वर्षी १० मार्चला एसी मिलानकडून खेळायला आलेल्या, पूर्वी युनायटेडकडून खेळलेल्या डेव्हिड बेकहॅमने सामना संपल्यावर तसा मफलर उचलून गळ्यात घातला आणि ते छायाचित्र जगभर पोहोचले. निषेध तेवढ्यावर थांबला नाही. निवडक बड्या क्लबांच्या वेगळ्या युरोपियन सुपर लीगचा घाट घातला गेल्यावर २ मे २०२१ रोजी प्रेक्षक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. ९ मार्च २०२५ रोजी आर्सेनलविरुद्धच्या सामन्याआधी हजारो लोक काळे कपडे घालून मोर्चाने मैदानापर्यंत गेले. तोवर ब्रिटिश उद्योजक सर जिम रॅटक्लिफ यांनी एक चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला होता, पण बहुमत ग्लेझर कुटुंबाकडेच होते आणि ऐन हंगामात काही तिकिटांचा दर सवलत काढून घेऊन सरसकट ६६ पौंड करण्यात आला होता.

ब्रॉडहर्स्ट पार्क न्यूटन हीथच्या शेजारीच आहे. ट्रॅमच्या ‘न्यूटन हीथ अँड मॉस्टन’ थांब्यावर उतरून चालत जाता येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल विटांची, एकमेकांना लागून असलेली घरे आहेत आणि मैदान त्यांच्यात इतके बेमालूम बसले आहे, की पहिल्यांदा येणाऱ्याला दिव्यांचे खांब दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. सुरुवातीची दहा वर्षे या क्लबला स्वतःचे घर नव्हते. बरीच वर्षे ‘बरी’ (Bury) नावाच्या शहरातले गिग लेन मैदान भाड्याने घेऊन सामने होत. न्यूटन हीथमध्ये ठरलेली जागा २०११ मध्ये महापालिकेच्या निर्णयामुळे हातची गेली आणि मॉस्टनमध्येही काही रहिवाशांनी विरोध केला. शेवटी २९ मे २०१५ रोजी बेनफिकाच्या संघाविरुद्ध खेळून मैदानाचे उद्घाटन झाले. १९६८ मध्ये याच तारखेला मँचेस्टर युनायटेडने वेम्बलीवर बेनफिकाला हरवून पहिला युरोपियन कप जिंकला होता. क्लब वेगळा काढला, तरी आपला इतिहास या लोकांनी मालकाच्या स्वाधीन केलेला नाही, हे त्या एका तारखेवरून उमगते.

मैदानाची क्षमता साडेचार हजारांच्या आतली आहे. मुख्य स्टँडमध्ये खुर्च्या आहेत, परंतु पहिल्यांदा जाणाऱ्याने सेंट मेरीज रोडच्या बाजूला, गोलच्या मागे, उभे राहून सामना पाहावा असा माझा आग्रह राहील. तिथे छत आहे, पायऱ्या उभ्या चढणीच्या आहेत आणि आवाज छताला लागून परत अंगावर येतो. सामना सुरू होण्याआधीच गाणी सुरू होतात आणि संघ दोन गोलांनी मागे असला तरी थांबत नाहीत. त्यांतली निम्मी जुन्या युनायटेडची असतात, निम्मी या क्लबची स्वतःची. कठड्यांवर घरी शिवलेले, हाताने रंगवलेले कापडी फलक बांधलेले असतात आणि ‘लक्षाधीश घडवायचे नाहीत, मित्र जोडायचे’ अशा अर्थाचे या क्लबचे ब्रीद इथल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. अनेक कामे स्वयंसेवक करतात. सामन्याआधी स्टँडखालच्या जागेत स्थानिक गायक, वादक आणि कवी यांचा कार्यक्रम होतो, तोही चुकवू नये. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना हे वातावरण मोठ्या मैदानापेक्षा पुष्कळ मोकळे वाटेल. खाण्यापिण्याची अपेक्षा मात्र लहान मैदानाला शोभेल इतकीच ठेवावी.

दुकानातली जर्सी हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. छातीवर डाव्या बाजूला शहराच्या चिन्हातले गलबत असलेले बोधचिन्ह आणि त्याखाली नुसते लाल कापड. कोणत्याही कंपनीचे नाव नाही. मालकीबदलानंतर मँचेस्टर युनायटेडच्या जर्सीवर विमा कंपनीपासून मोटार कंपनीपर्यंत कितीतरी नावे आली आणि गेली. एफसी युनायटेडच्या सभासदांनी मात्र छातीवर जाहिरात घ्यायची नाही हे स्थापनेच्या वेळीच घटनेसारखे ठरवून घेतले आणि पैशांची चणचण असतानाही ते पाळले. इंग्लिश लीगच्या उतरंडीत वरून सातव्या पायरीवरच्या क्लबसाठी हे उत्पन्न सोडणे सोपे नाही. म्हणूनच ही जर्सी मला फार मोलाची वाटते.

आता दरांविषयी. एका सामन्याचे प्रौढांचे तिकीट ओल्ड ट्रॅफर्डच्या त्या ६६ पौंडांच्या मानाने पुष्कळ स्वस्तात मिळते आणि मुलांचे त्याहून बरेच स्वस्त असते. हंगामी तिकिटाची पद्धत तर अन्यत्र क्वचितच आढळेल: सभासद किमान रक्कम मतदानाने ठरवतात आणि त्यावर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे असते. नोकरी गेलेला माणूस किमान रक्कम देतो, चांगली मिळकत असलेला जास्त देतो, आणि दोघे एकाच पायरीवर उभे राहतात. सभासदत्वाचा नियम एक सभासद, एक मत असा आहे. मैदान बांधण्यासाठी क्लबने सामुदायिक भागभांडवलातून सुमारे २० लाख पौंड उभे केले. त्यात कोणी कितीही रक्कम घातली तरी त्याला मत एकच मिळाले. हे समभाग बाजारात विकता येत नाहीत, त्यामुळे ते गुपचूप गोळा करून क्लब ताब्यात घेण्याची वाटच बंद झाली आहे. २००५ मध्ये जे घडले ते पुन्हा घडू नये, याची ही कायदेशीर तजवीज आहे आणि माझ्या मते या क्लबने केलेले सर्वांत शहाणपणाचे काम हेच आहे.

खेळाच्या दर्जाबद्दल स्पष्ट लिहायला हवे. दहाव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात करून या संघाने पहिल्या तीनही हंगामांत बढती मिळवली. नोव्हेंबर २०१० मध्ये एफए कपच्या पहिल्या फेरीत, तब्बल चार पायऱ्या वर असलेल्या रॉचडेल या व्यावसायिक संघाला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवले. शेवटचा गोल अगदी भरपाईच्या वेळात झाला आणि तो दिवस इथले लोक अजून सांगतात. २०१५ मध्ये संघ सहाव्या पायरीवर पोहोचला, पण २०१९ मध्ये खाली आला आणि त्यानंतर नॉर्दर्न प्रीमियर लीगमध्येच आहे. खेळाडू अर्धवेळ आहेत. चेंडू बराच वेळ हवेत असतो, हिवाळ्यात पावसाने मैदान जड होते, आणि ज्याला दूरचित्रवाणीवरच्या फुटबॉलची सवय आहे त्याला पहिला अर्धा तास रटाळ वाटू शकतो. गर्दीही ओसरली आहे. पहिल्या हंगामात सरासरी तीन हजारांवर प्रेक्षक येत आणि एप्रिल २००६ मध्ये ग्रेट वायर्लीविरुद्धच्या सामन्याला ६,०२३ लोक आले होते. आता ही संख्या बहुधा दोन हजारांच्या आत असते.

लोकशाही कारभार म्हणजे भांडणे टळली असेही नाही. नव्या मैदानात आल्यावर वर्षभरातच सभासदांमध्ये असंतोष माजला. निर्णय आम्हाला न विचारता घेतले जातात, माहिती दडवली जाते, अशा तक्रारी वाढल्या. अखेर २०१६ मध्ये स्थापनेपासून कारभार पाहणारे महाव्यवस्थापक अँडी वॉल्श पायउतार झाले, संचालकांनी राजीनामे दिले आणि नवे मंडळ निवडून आले. ज्यांनी एका मालकाविरुद्ध क्लब उभारला, त्यांनाच आपल्या निवडलेल्या मंडळाविरुद्ध उभे राहावे लागले. त्या काळात जुने स्नेही दुरावले आणि त्या जखमा पूर्ण भरल्या असे म्हणता येणार नाही. तरीही मला या प्रकरणात क्लबचे बळ दिसते. ओल्ड ट्रॅफर्डमध्ये मालकांच्या कानावर आवाज घालण्यासाठी प्रेक्षकांना मैदानात घुसून सामना बंद पाडावा लागला आणि तरी मालक जागचे हलले नाहीत. मॉस्टनमध्ये सभा बोलावून, मत देऊन कारभारी बदलता आले.

ग्लेझर कुटुंबाला घालवण्याचे हत्यार म्हणून पाहिले तर एफसी युनायटेड अपयशी ठरला, हे मान्य करावे लागते. सोडून गेलेल्यांच्या खुर्च्या दुसऱ्यांनी भरल्या. ओल्ड ट्रॅफर्डमध्येच राहून लढावे म्हणणारे आणि बाहेर पडावे म्हणणारे यांच्यात घराघरांत फूट पडली. बाप एका मैदानात आणि मुलगा दुसऱ्या, अशी कुटुंबे इथे आजही भेटतात. राहिलेल्यांना मी कमी लेखत नाही. हिरवे-सोनेरी मफलर घालणाऱ्यांनी आणि काळ्या कपड्यांत चालणाऱ्यांनी हा प्रश्न वीस वर्षे जिवंत ठेवला. परंतु मफलर गळ्यात घालून आत जाणाऱ्यालाही तिकीट काढावे लागते आणि ते पैसे मालकालाच पोहोचतात. मॉस्टनला येणाऱ्याने तो व्यवहार थांबवला आहे, आणि त्या बदल्यात त्याला शनिवारी दुपारी तीनचा सामना, उभे राहायला पायरी आणि कारभारात मत मिळते.

कोल्हापूरच्या वाचकाला हे सगळे मुळीच परके वाटणार नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांसारख्या तालमींच्या नावाने शाहू स्टेडियमवर उतरणारे संघ पेठेचे असतात आणि संघ हरला तर पेठेला लागते. तो जिव्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला ब्रॉडहर्स्ट पार्कच्या पायऱ्यांवर उभे राहिल्यावर भाषा सोडून काही समजावून सांगावे लागणार नाही.

मँचेस्टरला येणार असाल, तर ऑगस्ट ते एप्रिलमधला घरच्या मैदानावरचा शनिवार पाहून बेत आखावा. नॉर्दर्न प्रीमियर लीगचे सामने पावसामुळे ऐनवेळी रद्द होतात, म्हणून निघण्यापूर्वी क्लबच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. तिकीट सहज मिळते. कपडे उबदार आणि बूट पाण्यात टिकणारे हवेत. सभासदत्व परगावी राहूनही घेता येते आणि वर्गणी एका मोठ्या सामन्याच्या तिकिटापेक्षा पुष्कळ कमी आहे. मुंबई-पुण्यात बसून मँचेस्टरमधल्या एका क्लबच्या कारभारात मत द्यायचे असेल, तर ते आधी घ्यावे आणि जर्सी नंतर.